जुने वाहन आणि हमीचा कागद

श्रोतेहो, इतिहासावर भाषण म्हटले म्हणजे किल्ले, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा असावयाचीच. आजचा माझा विषय त्या मानाने फार घरगुती आहे. दुसऱ्याने वापरलेले वाहन विकत घेताना विकणाराने कशाची हमी द्यावी, ती किती दिवसांची असावी, आणि तिच्यासाठी निराळे पैसे मोजावेत किंवा कसे, एवढाच हा प्रश्न. परंतु या एवढ्याशा प्रश्नावर आपल्या देशात सुमारे दोन हजार वर्षे विचार होत आला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

विषय सुचण्यास कारण माझा पुतण्या. तो साक्री तालुक्यात राहतो. महिन्यापूर्वी तो सकाळीच धुळ्यास माझ्या घरी आला आणि एक चार पानी कागद पुढे ठेवून म्हणाला, "नाना, यावर सही करू का, सांगा." त्याचा बेत असा होता की, सात माणसे बसतील अशी जुनी गाडी घ्यावी, तिच्या पांढऱ्या पाटीची पिवळी पाटी करून घ्यावी आणि आमच्या बाजूचे जे रोगी औषधोपचारासाठी नाशिकला जातात त्यांची ने-आण भाड्याने करावी. गाडीची किंमत ठरली होती तीन लक्ष चाळीस हजार रुपये. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम सूनबाईने बचत गटातून कर्जाऊ उचललेली. आता विकणारा दलाल म्हणत होता की, आणखी पंधरा हजार भरा म्हणजे एक वर्षाची वाढीव हमी मिळेल. मग गाडीचे काहीही होवो, तुम्हांस चिंता नाही. पुतण्याचे अर्धे मन कागदाकडे ओढत होते. पंधरा हजारांत एक वर्षाची झोप मिळत असेल तर ती महाग म्हणता येईल काय?

मी त्याला म्हटले, "चार दिवस थांब." ते चार दिवस मी काय वाचले आणि काय आठवले, ते आज आपणांस सांगतो.

आपल्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनी खरेदी-विक्रीच्या पश्चात्तापास विवादाचे एक स्वतंत्र पद दिले आहे. क्रयविक्रयानुशय असे त्याचे नाव. मनूने दहा दिवसांच्या आत घेतलेली वस्तू परत देण्याची वा विकलेली परत घेण्याची मोकळीक ठेविली. नारदाचा हिशेब अधिक व्यापारी आहे. घेतलेला माल त्याच दिवशी, जसाचा तसा परत केला तर पूर्ण किंमत मिळावी. दुसऱ्या दिवशी केला तर किमतीचा तिसावा हिस्सा कापला जावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आणि त्यापुढे माल घेणाराच्या गळ्यात. आजच्या एखाद्या पेढीच्या छापील अटींत हे कलम घातले तर कोणास शंकाही येणार नाही.

पण माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर याज्ञवल्क्याजवळ आहे. निरनिराळ्या वस्तूंची परीक्षा करण्यास किती मुदत असावी, हे त्याने एका श्लोकात बांधून टाकले आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि 'वाह्य' म्हणजे ओझे वाहणाऱ्या किंवा गाडी ओढणाऱ्या जनावराला पाच दिवस. (माणसे विकण्याच्याही मुदती त्याच श्लोकात आहेत, त्या काळाचा तो डाग आहे, तो झाकण्याचे कारण नाही.) या मुदती वाटेल तशा लिहिलेल्या नाहीत. बी उगवते की नाही हे कळण्यास आठ-दहा दिवस लागतातच. गाय दूध देते किंवा लाथ मारते हे तीन दिवसांत समजते. आणि बैल जूवर मान देतो की बसकण मारतो हे कळण्यास पाच दिवसांचे काम पुरे. दोष प्रकट होण्यास जितका काळ लागतो तितकी हमी, असे हे सरळ तत्त्व. याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात जी मिताक्षरा टीका लिहिली, तिचे प्रामाण्य महाराष्ट्रात इंग्रजी अमलातही मानले जात होते.

कौटिल्याची मुदत आणखी लांब आहे. त्याचे अर्थशास्त्र शामशास्त्री यांनी म्हैसुरास १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, तेव्हा विद्वानांचे लक्ष राजनीतीकडे आणि हेरांकडे गेले. बाजाराच्या प्रकरणाकडे सामान्य वाचकाचे कमीच. त्यात असे आहे की, रोगट जनावर निरोगी म्हणून विकणारास बारा पण दंड करावा, आणि चतुष्पाद परत करण्याची मुदत तीन पक्षांची, म्हणजे पंचेचाळीस दिवसांची असावी. कारण तेवढ्या काळात खरेखोटे समजून येणे शक्य असते. कारण सांगून नियम देणारा ग्रंथकार मला नेहमीच आवडतो. शाळेत मुलांना मी हेच सांगत आलो.

रोमन लोकांचीही वाट फारशी निराळी नव्हती. तेथील बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी जाहीरनामा काढून असा दंडक घातला होता की, गुलाम किंवा ओझ्याची जनावरे विकणाराने त्यांचे रोग व खोडी आधी उघड सांगाव्या. न सांगितल्यास घेणारास सहा महिन्यांच्या आत सौदा मोडता येई आणि एक वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. येथपर्यंतच्या सर्व शास्त्रांत एक गोष्ट समान आहे आणि ती मी मुद्दाम अधोरेखित करतो. हमी देणारा आणि विकणारा हे एकच गृहस्थ आहेत, आणि हमीचे निराळे मोल कोणी मागत नाही. ती किमतीच्या पोटातच असते.

आता ग्रंथांतून आपल्या मुलखात येऊ. तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. हे गाव शहादे तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाला तोपर्यंत ते आमच्या धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तेथील घोड्यांचा बाजार सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तो प्रथम पाहिला. घोड्याचे मोल करणारे दोन प्रकारचे लोक असतात, हे मला तेथे समजले. एक प्रकार कपाळावरचा टिळा पाहणारांचा. पंचकल्याणी आहे काय, गळ्याखाली देवमण आहे काय, भोवरे शुभ ठिकाणी आहेत की अशुभ, यांतच ते गुंतलेले असतात. दुसरा प्रकार घोड्याचे तोंड उघडून दात मोजणारांचा. खूर उचलून पाहणारांचा. घोड्यास पल्लेदार फेरी मारावयास लावून मग त्याच्या नाकपुड्यांपाशी कान नेऊन श्वास ऐकणारांचा. पहिला प्रकार हौशी सरदारांचा, दुसरा पोटार्थी माणसांचा. मोटारींच्या बाजारात रंग आणि आसनांचे कापड पाहणारे गृहस्थ भेटले म्हणजे मला पंचकल्याणी आठवतो.

बैलबाजारातला व्यवहार याहून कसून होतो. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, इसार दिला जातो, आणि त्याबरोबर 'बोली' होते. बैल सहादाती आहे, औताला आणि गाडीला चालतो, मारका नाही, बसका नाही, इत्यादी. बाकीचे पैसे बैल चालवून पाहिल्यावर द्यावयाचे. याज्ञवल्क्याचे नावही न ऐकलेला शेतकरी याज्ञवल्क्याचाच कायदा चालवितो. ही बोली कागदावर नसते; पण हेड्याला पुढल्या आठवड्याला त्याच बाजारात तोंड दाखवावयाचे असते, हा कागदापेक्षा मोठा जामीन होय.

मग जोखीम विकत घेणारा तिसरा मनुष्य आला कोठून? तोही आपल्याकडे जुनाच आहे. आमचे धुळे मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज येथे आला आणि त्याने पांझरेच्या काठी शहराची नवी मांडणी केली. त्या वेळी या मार्गावर वाटमारीचे भय पुष्कळ होते; १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभारली ती त्याच काळात. अशा दिवसांत माळव्याचा माल आणि रोकड किनाऱ्यापर्यंत सुखरूप नेण्याची हमी सावकार लोक पैसे घेऊन पत्करीत असत. 'विमा' हा शब्द या धंद्यातला आहे. तो विलायती कंपन्यांबरोबर आलेला नाही. मुंबई व गुजरातच्या किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चाले. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे वसूल व्हावयाचे, बुडाला तर पैसे देणाराचे बुडाले. साहजिकच अशी हुंडी घेणारा साध्या हुंडीपेक्षा जास्त कसर कापून घेई. रस्ता जितका वाईट तितका दर चढा.

येथे थोडे अंकगणित करू. शिक्षकाची खोड जात नाही. शंभर व्यापाऱ्यांपैकी पाचांचा माल लुटला जाईल असा ज्या सावकाराचा अंदाज आहे, तो शंभरांकडून पाचांच्या नुकसानीपेक्षा अधिक पैसे गोळा करील. न करील तर त्याचे दिवाळे निघेल. म्हणजे सर्व व्यापारी मिळून पाहिले तर ते नेहमी थोडे अधिकच देतात. तरीही एकट्या व्यापाऱ्याला विमा उतरविणे शहाणपणाचे असते, कारण लूट झाली तर तो कायमचा बसतो. परंतु ज्याला नुकसान सोसण्याजोगे आहे त्याने दुसऱ्याला जोखीम देऊ नये, स्वतःच्या पेटीत तेवढे पैसे बाजूस ठेवावे, हेही त्यातूनच निघते.

इंग्रजी अमलात कायद्याची भाषा बदलली. १ जुलै १९३० पासून मालविक्रीचा कायदा लागू झाला. त्याचा मूळ सूर असा की, घेणाराने आपले डोळे उघडे ठेवावे. विकणारा त्या मालाचा व्यापारी असेल तर माल विक्रीयोग्य असल्याची अट कायदा गृहीत धरतो. पण घेणाराने माल तपासला असेल तर तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही, आणि स्पष्ट कराराने अशा गृहीत अटी दूरही करता येतात. हेच शेवटचे वाक्य महत्त्वाचे. अमेरिकेत काय झाले पाहा. तेथील मोटार कारखानदार नव्वद दिवस किंवा चार हजार मैल एवढी छापील हमी देत आणि त्याच कागदावर बारीक अक्षरात लिहीत की, याखेरीज दुसरी कोणतीही जबाबदारी आम्हांवर नाही. १९५५ साली एका गृहस्थाने बायकोसाठी नवी गाडी घेतली. दहा दिवसांत सुकाणू निकामी होऊन गाडी भिंतीवर आदळली. कंपनीने हमीपत्र पुढे केले. १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते हमीपत्र झुगारून दिले आणि म्हटले की, असा कागद घेणाराचे मूळचे हक्क हिरावून घेऊ शकत नाही. हमी देणारा कागद प्रत्यक्षात हमी काढून घेणारा असू शकतो, हे त्या खटल्यात जगाच्या नजरेस आले.

आपल्याकडे मात्र बरीच वर्षे हा प्रश्न उद्भवलाच नाही, आणि त्याचे कारण मौजेचे आहे. मोटारी आणि स्कूटर यांचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले. गिऱ्हाइकांच्या याद्या वर्षानुवर्षांच्या. नवी स्कूटर नाव नोंदवून कित्येक वर्षांनी मिळे, म्हणून जुनी नवीपेक्षा महाग विकली जाई. मीही १९८३ साली अशीच एक जुनी स्कूटर नव्याच्या दरापेक्षा अधिक पैसे देऊन घेतली. विकणाऱ्या गृहस्थांनी "एकाच हातात वापरलेली" एवढीच ग्वाही दिली. तिसऱ्या आठवड्यात लळिंगच्या घाटात तिने जो दम सोडला तो एंजिन उतरवूनच दुरुस्त झाला. माझा दीड महिन्याचा पगार गेला. तक्रार कोणाकडे करणार? माझ्यामागे तीच स्कूटर घेण्यास दहा जण उभे होते. ज्याच्या दारात गिऱ्हाइकांची रांग आहे तो हमी कशाला देईल?

रांग मोडली तेव्हा हमी आली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती गाडी रस्त्यावर आली, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, १९९३ साली मोटारींच्या कारखान्यांवरील परवान्याचे बंधन सुटले, आणि २००१ साली मारुती कंपनीने स्वतःच जुन्या गाड्या तपासून हमीसह विकण्यास आरंभ केला. योगायोग असा की, त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच्या कीर्तीचे मूळ १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला एक निबंध हे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. गाडीचे गुण विकणारास ठाऊक, घेणारास नाहीत. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा धनी विकण्यास तयार होत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. यातून सुटण्याचा एक उपाय म्हणजे हमी. स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून देण्याची हमी खराब गाडीचा धनी देणार नाही, म्हणून जो देतो त्याच्या गाडीवर विश्वास ठेवण्यास जागा आहे.

आता पुतण्याच्या कागदाकडे वळू. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे जुनी दप्तरे जपत बसले आहे, त्या गावच्या माणसाने अस्सल कागद वाचल्यावाचून मत देणे शोभत नाही. पुतण्याने तो वाचला नव्हता. दलालानेही वाचला नव्हता, असे मला मागाहून वाटले. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

पहिली गोष्ट, हमी दलालाची नव्हती. परगावच्या एका कंपनीची होती. दलालाला त्यात केवळ अडत मिळणार. म्हणजे गाडी चांगली असो वा वाईट, हा कागद तो प्रत्येकालाच विकणार. तेव्हा तो गाडीच्या गुणाची खूण ठरत नाही. दुसरी गोष्ट, एंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग हमीत होते. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, रबरी नळ्या इत्यादी झिजणाऱ्या वस्तू नव्हत्या. जुन्या गाडीत खर्च येतो तो बहुधा यांवरच. तिसरी, दुरुस्ती त्यांनी नेमलेल्या कारखान्यातच व्हावयास हवी, आणि नेमलेला जवळचा कारखाना नाशिकला, म्हणजे धुळ्याहून सुमारे दीडशे किलोमीटर; बंद पडलेली गाडी तेथवर ओढून नेण्याचा खर्च धन्याचा. चौथी, भरपाईला वरची मर्यादा. हे सर्व एकवेळ चालले असते. परंतु तिसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, असे होते की वाहन भाड्याने चालविले गेल्यास ही हमी रद्द समजावी.

मी ती ओळ बोटाने दाखविली. पुतण्याने ती तीनदा वाचली. "नाना," तो म्हणाला, "पण मी त्याला आधीच सांगितलं होतं, गाडी पिवळ्या पाटीवर लावायची म्हणून." त्याचा चेहरा पाहून मला पुढे काही बोलवेना. पंधरा हजार रुपये म्हणजे सूनबाईच्या गटाचे कित्येक हप्ते.

असा कागद सर्वांनाच निरुपयोगी, असे मी म्हणणार नाही. ज्याची गाडी घरच्या वापराची आहे, जो नाशिक-पुण्यासारख्या शहरात राहतो, ज्याच्या गाडीत विजेची महागडी यंत्रे आहेत आणि जो एकाएकी पाऊण लाखाचा खर्च सोसू शकत नाही, त्याने तो अवश्य विचारात घ्यावा. पुष्कळांचा असाही गैरसमज असतो की, विमा आहे मग हमी कशाला? १९४६ सालापासून मोटारीला जो सक्तीचा विमा आहे तो आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा केल्यास भरपाई देणारा. आपल्या एंजिनाच्या आत काही तुटले तर त्याचा संबंध नाही.

आम्ही पुढे काय केले ते सांगून थांबतो. प्रथम तो दलाल नोंदलेला आहे काय हे पाहिले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते होते. मग आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दीड हजार रुपये देऊन बरोबर नेले. त्याने गाडी थंड असताना स्वतः चालू केली, धूर पाहिला, तेलाची कांडी ओढून बोटांत तेल चोळले, आणि पुतण्याला घेऊन लळिंगचा घाट चढून आला. (तो घाट मीच सुचविला होता.) परत येऊन तो म्हणाला, एंजिन निरोगी आहे, तिसरा गिअर मात्र कुरकुरतो, आणि काट्यावर जे किलोमीटर दिसतात त्यांवर पेडलाची झीज पाहता विश्वास ठेवू नये.

तेव्हा मी दलालाला म्हटले, "भाऊसाहेब, कंपनीचा कागद राहू द्या. गिअरबॉक्सची बोली तुम्हीच करा." तो प्रथम हसला. मग किंमत अठरा हजारांनी उतरविली, आणि गिअरबॉक्स पंचेचाळीस दिवसांच्या आत गेल्यास खर्च मी देईन, गाडी भाड्याने चालणार हे मला माहीत आहे, असे स्टँपपेपरावर लिहून दिले. पंचेचाळीसच का, असे त्याने विचारले. मी तीन पक्ष म्हणालो. कौटिल्याचे नाव काही सांगितले नाही.

कागदासाठी नेमलेले पंधरा हजार सूनबाईने निराळ्या खात्यात ठेवले आहेत, आणि त्यांना हात लावावयाचा नाही असे पुतण्याला बजाविले आहे. आज एकतिसावा दिवस. गाडीने नाशिकच्या नऊ खेपा केल्या. तिसरा गिअर अजून कुरकुरतो. येत्या रविवारी मिस्त्री पुन्हा पाहणार आहे.